पवनाकाठचा वाटाड्या

गो. नी. दांडेकर हे नाव आमच्या वयाच्या मुलांपर्यंत बहुतेक वेळा गाण्यांतून पोचतं. ‘जैत रे जैत’ची गाणी सगळ्यांना पाठ असतात, पण १९७७ साली जब्बार पटेलांनी केलेला तो सिनेमा दांडेकरांच्या कादंबरीवर बेतलेला आहे, हे आमच्या वर्गात तिघा-चौघांनाच ठाऊक निघालं. मलाही त्यांची ओळख उशिराच झाली. दुसऱ्या वर्षाला प्रादेशिक कादंबरी अभ्यासाला होती म्हणून ‘पडघवली’ घेतली, आणि मग ग्रंथालयात त्यांचं जे जे मिळेल ते वाचत सुटले. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की या माणसाचं सगळं लेखन म्हणजे एका अर्थी वाट दाखवण्याचं काम आहे. कादंबरीकार, संतचरित्रकार, दुर्गप्रेमी अशी बिरुदं त्यांना लावली जातात. मला ते वाटाडे वाटतात, आणि या लेखात मी त्यांच्याकडे तसंच बघणार आहे.

वाटाड्या या शब्दाशी माझं नातं आहे ते आमच्या गावामुळे. इब्रामपूर पेडणे महालाच्या अगदी टोकाला, पलीकडे लगेच दोडामार्ग. हल्ली शनिवार-रविवार आला की गाड्या थांबवून लोक तिळारीची वाट विचारतात. धरण कुठे, फोटो कुठून चांगला येतो, धबधबा किती लांब, हेच प्रश्न. गावातली माणसं हात लांब करून सांगतात आणि आपल्या कामाला लागतात. त्या पाण्याखाली काय आहे हे कोणी विचारत नाही, त्यामुळे कोणी सांगतही नाही. दांडेकर वाचल्यापासून हे न विचारणं मला खटकायला लागलं आहे.

गोपाळ नीलकंठ दांडेकर यांचा जन्म ८ जुलै १९१६चा, विदर्भातल्या परतवाड्याचा. शाळा सातवीपर्यंत. तेराव्या वर्षी स्वातंत्र्याच्या चळवळीत जायचं म्हणून त्यांनी घर सोडलं, आणि पुढची सतरा-अठरा वर्षं हा मुलगा, मग हा तरुण, नुसता हिंडत राहिला. गाडगे महाराजांच्या सहवासात राहिला. हातात खराटा घेऊन आधी गाव झाडायचं आणि मग रात्री कीर्तनात त्याच गावाला चार शब्द सुनवायचे, ही महाराजांची रीत त्याने जवळून बघितली. गाव कळायचं असेल तर आधी त्याच्या धुळीत उतरावं लागतं, हे त्याला तिथे कळलं असावं असा माझा अंदाज आहे. कारण पुढे लेखक झाल्यावर त्यांनी कुठल्याही गावाकडे वरून पाहिलं नाही.

मग नर्मदा परिक्रमा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नर्मदा उजव्या हाताला ठेवून तिच्या काठाने चालायचं, समुद्रापाशी वळसा घालून दुसऱ्या तीराने परत यायचं, मध्ये कुठेही नदी ओलांडायची नाही, आणि पोटासाठी मागून खायचं. दोन्ही काठ मिळून अडीच हजार किलोमीटरच्या वर चाल होते. आमच्याकडे गोंयच्या सायबाच्या फेस्ताला, ३ डिसेंबरच्या आधी, लोक जुन्या गोव्याला चालत जातात. मीही एकदा गेले आहे. एका रात्रीच्या चालीने माझे पाय सुजले होते, म्हणून परिक्रमेचा आकडा वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसले. या चालण्यातून ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आली. आज ती वाचताना एक गोष्ट मनात येतेच. बर्गी, इंदिरासागर, सरदार सरोवर अशी धरणं झाली आणि त्या जुन्या परिक्रमावाटेचे कितीतरी तुकडे पाण्याखाली गेले. नव्या परिक्रमावासीयांना तिथे लांबचा फेरा मारावा लागतो. म्हणजे ज्या वाटेने दांडेकर चालले ती आता काही ठिकाणी फक्त पुस्तकात आहे.

स्वातंत्र्याच्या सुमाराला ते तळेगाव दाभाड्याला स्थिरावले आणि लेखणीवर जगू लागले. नोकरी नाही. तळेगावचे लोक त्यांना आप्पा म्हणत, वाचक गोनीदा म्हणू लागले. पुणे-लोणावळा लोकलवर हे स्टेशन आहे. आज तिथे इमारतींची गर्दी आहे, पण त्या काळी घराबाहेर पडलं की मावळ सुरू होत असणार. मळवलीला उतरलं की भाजे गाव, त्याची लेणी, वर गायमुखाची खिंड, खिंडीच्या एका अंगाला लोहगड आणि दुसऱ्या अंगाला विसापूर. त्या डोंगराच्या पलीकडे पवना नदीचं खोरं. खोऱ्याच्या एका बाजूला तिकोना, म्हणजे वितंडगड, आणि दुसऱ्या बाजूला सुळक्यासारखा उभा तुंग, म्हणजे कठीणगड. ही सगळी आप्पांची रोजची पायाखालची जमीन.

भटक्यांसाठी पुस्तक लिहायचं तर किल्ल्याची उंची, दरवाजे, पाण्याची टाकी, जायला किती तास लागतात, हे लिहून भागतं. तसलं लेखन दांडेकरांनीही केलं. ‘दुर्गदर्शन’, ‘किल्ले’, पुढे ‘दुर्गभ्रमणगाथा’ ही पुस्तकं घेऊन महाराष्ट्रातल्या कितीतरी तरुणांनी पहिल्यांदा गडाची वाट धरली. ते स्वतः माणसं घेऊन गडावर जात, तिथे मुक्काम करत, कॅमेऱ्याने फोटो काढत. राजगड, रायगड यांच्यावर तर त्यांचा फार जीव. पण माझं मत विचाराल तर त्यांचं सगळ्यात चांगलं वाटाडेपण त्यांच्या कादंबऱ्यांत आहे. कारण तिथे किल्ला आधी येत नाही, किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारा माणूस आधी येतो.

‘पवनाकाठचा धोंडी’ ही पन्नासच्या दशकातली कादंबरी. धोंडी हा पवनेच्या काठचा मावळी शेतकरी. त्याच्या घराण्यात तुंगाची हवालदारी. आता तुंगावर ना फौज ना तोफा, त्यामुळे हवालदारी म्हणजे नुसता मान उरलेला. पण धोंडीला तो मान खरा वाटतो आणि त्याला साजेसं वागायचं म्हणून तो झिजतो. दांडेकर त्याला हसत नाहीत आणि त्याचा पुतळाही करत नाहीत. भाताची खाचरं, पावसाळा, भाऊबंदकी, जत्रा, मावळी बोलीतली भांडणं, या सगळ्यात तो वावरतो. वर तुंग आहेच, पण शेतातून मान वर केली की दिसतो तसा. कादंबरी वाचून कोणी तुंगावर गेला तर त्याच्या डोळ्यांना आधी खालची खाचरं दिसतील.

फक्त ती आता दिसणार नाहीत. कारण तिथे तलाव आहे.

पवना धरण १९७२ सालचं. लोहगडावरून, तिकोन्यावरून, तुंगावरून जो निळाशार जलाशय दिसतो तो म्हणजे धोंडीच्या नदीचं अडवलेलं पाणी. मावळात असे तलाव नवे नाहीत. लोणावळा, वळवण, शिरोता हे तलाव टाटांच्या विजेसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच झाले आणि खोपोलीचं वीजघर १९१५ला सुरू झालं. पुढे शेजारच्या मुळशीत धरण बांधायला घेतलं तेव्हा शेतकरी आडवे आले. १९२१चा मुळशी सत्याग्रह तो. त्याचा पुढारी पांडुरंग महादेव बापट, त्यालाच पुढे लोक सेनापती बापट म्हणायला लागले. म्हणजे धरण म्हटल्यावर काय होतं हे मावळ-मुळशीच्या माणसाला आधीपासून ठाऊक होतं. आज पर्यटक ज्याला तलावांचा प्रदेश म्हणतात त्यातला एकेक तलाव कोणाच्या तरी शेतावर उभा आहे.

आता इथे एक अडचण येते आणि ती मी लपवणार नाही. दांडेकर धरणांच्या विरोधातले लेखक नव्हते. भाक्रा-नांगल धरणाच्या बांधकामावर त्यांनी ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ ही मोठी कादंबरी लिहिली. ते काम बघून ते भारावले होते. पुस्तकाच्या नावातच बघा ना, गंगा खाली आणणाऱ्या भगीरथाशी त्यांनी मजुरांचं आणि इंजिनिअरांचं नातं लावलं. नव्या स्वतंत्र देशाचा तो उत्साह होता आणि तो खोटा नव्हता. कोरड्या रानाला पाणी मिळणं ही साधी गोष्ट नाही. आमच्या पेडण्यात नळाला जे पाणी येतं ते चांदेलच्या प्रकल्पातून येतं आणि तिथे ते तिळारीचं असतं. ते पिऊन मी हा लेख लिहिते आहे.

पण त्याच लेखकाच्या घराजवळची नदी पुढे अडवली गेली आणि त्याने जिवंत केलेल्या धोंडीचं खोरं भरलं. एकाच माणसाच्या कपाटात ‘भगीरथाचे पुत्र’ही आणि ‘पवनाकाठचा धोंडी’ही, दोन्ही त्यानेच लिहिलेल्या. काही समीक्षक अशा ठिकाणी लेखकाला एका बाजूला उभं करतात, म्हणजे एक तर विकासवादी किंवा मग गतकाळात रमणारा. मला तसं करावंसं वाटत नाही. दोन्ही पुस्तकांत कष्ट करणारा माणूसच आहे. एकात तो धरण बांधतो. दुसऱ्यातल्याचं शेत पुढे धरणात जातं. दोघांची गाठ कुठल्याच कादंबरीत पडत नाही. ती पडायला हवी होती असं एक वाचक म्हणून मला वाटतं. ती कादंबरी मराठीत आली असती तर बरं झालं असतं.

गाठ पडली ती प्रत्यक्षात, आणि फार वाईट पडली. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. धरणातून थेट बंद नळाने ते न्यायचं ठरलं तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, कारण नदीच कोरडी पडेल ही धास्ती. ९ ऑगस्ट २०११ला बऊरजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि तीन शेतकरी मेले. दांडेकर तोवर जाऊन तेरा वर्षं झाली होती. धोंडीच्या नातवंडांच्या वयाची माणसं होती ती. आज तलावाच्या काठाला तंबू ठोकून राहायला जाणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या मावसभावंडांबरोबर मी तिकोन्याला गेले होते. त्याआधी फोनवर जे काही सल्ले वाचले त्यात पार्किंग, मॅगी, बार्बेक्यू आणि सूर्यास्त एवढंच होतं.

तळेगावपासून जवळच दुसरी एक जागा आहे ती राजमाची. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, मधल्या माचीवर उधेवाडी, जवळ उदयसागर तलाव, खाली कोंढाण्याची लेणी आणि उल्हास नदीची दरी. दांडेकरांचा ‘माचीवरला बुधा’ इथला. मुंबई सोडून म्हातारपणी माचीवर परतलेला बुधा झाडं, पाखरं, जनावरं यांच्यात रमतो. कादंबरीत घडत असं फारसं काही नाही. पहिल्यांदा वाचताना मी दोनदा कंटाळून ठेवून दिली होती, खरं सांगायचं तर. तिसऱ्यांदा वाचली तेव्हा मला चढता आली. तिचा वेगच डोंगर चढण्याचा आहे. भराभर चढलं की धाप लागते आणि काही दिसत नाही.

बोलीचं सांगायचं राहिलं. धोंडी मावळीत बोलतो. ‘पडघवली’ कोकणातल्या अंबूवहिनीच्या तोंडून येते आणि ती वाचताना आम्हा पेडण्याच्या लोकांना कितीतरी शब्द घरचे वाटतात. ‘जैत रे जैत’मध्ये ठाकरांचं बोलणं आहे, लिंगोबाच्या डोंगरावरच्या राणीमाशीशी वैर धरणारा नाग्या आहे. सातवीपर्यंत शिकलेल्या, विदर्भात जन्मलेल्या माणसाला इतक्या बोली कुठून आल्या? शब्दकोशातून येणं शक्य नाही. माणसांच्या ओट्यावर बसून, त्यांच्या घरचं खाऊन, त्यांच्याबरोबर चालून आल्या. वाटाड्याला वाट येते तीही अशीच.

बाकीचा तपशील थोडक्यात. शिवकाळावर त्यांनी ‘बया दार उघड’, ‘हर हर महादेव’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’, ‘हे तो श्रींची इच्छा’ अशा पाच कादंबऱ्या लिहिल्या. ज्ञानेश्वरांवर ‘मोगरा फुलला’, रामदासांवर ‘दास डोंगरी राहतो’. आत्मचरित्र ‘स्मरणगाथा’, त्याला १९७६चा साहित्य अकादमी पुरस्कार. १९८१ला अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, म्हणजे ज्या विदर्भातून तेराव्या वर्षी निघून गेले तिथेच मानाने परत आले. १ जून १९९८ला ते गेले. आता त्यांच्या नावाचं दुर्गप्रेमी मंडळ किल्ल्यांच्या आसपास दुर्ग साहित्य संमेलन भरवतं, ही त्यांना आवडली असती अशी आठवण.

या सगळ्याचा इब्रामपूरशी काय संबंध, असं आमच्या घरीही मला विचारलं. संबंध तिळारीचा. धरण महाराष्ट्र आणि गोवा या दोन सरकारांनी मिळून बांधलं. शिरंगे, पाट्ये अशी गावं त्यात गेली आणि कालवे आमच्या बाजूला आले. वरच्या अंगाला, चंदगड तालुक्यात, पारगड आहे. तानाजी मालुसऱ्यांचा मुलगा रायबा तिथला पहिला किल्लेदार, आणि मालुसरे मंडळी आजही त्या गडावर राहतात. म्हणजे आमचाही एक तुंग आहे आणि खाली आमचीही एक पवना आहे. गावाजवळचा हळर्णचा किल्लाही घ्या. १७४६मध्ये तो पोर्तुगिजांनी सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला आणि त्या विजयावरून व्हाइसरॉयला आलोर्नाचा मार्किस हा किताब मिळाला. आमच्या पेडण्यातल्या एका गावाचं नाव लिस्बनच्या सरदारघराण्याला! पण किल्ला बघायला आलेल्याला हे सांगणारा माणूस दारात नसतो. आमच्याकडे डोंगर आहे, पाणी आहे, किल्ले आहेत. धोंडी मात्र कोणी लिहिलेला नाही. बुडालेल्या गावांतली जी म्हातारी माणसं पुनर्वसनाच्या वसाहतींत आहेत त्यांच्याकडे जाऊन बसायला हवं. आमच्या मंडळाने या वर्षी दुसरं काही नाही केलं तरी चालेल, एवढं करावं असं मी बैठकीत मांडलं आहे.

आता ज्यांना जायचंच आहे त्यांच्यासाठी. तिळारीच्या बाजूला फिरायला जाणार असाल तर आधी गावात विचारा, कारण दोडामार्गात रानटी हत्ती आहेत आणि ते आज कुठल्या बागायतीत आहेत हे नकाशा सांगत नाही, गावातला माणूस सांगतो. वाटेत कोणाच्या काजूत शिरू नका. पवनेला जायचं तर लोहगड सोपा, पायऱ्या आहेत, पण २०२५ला युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून त्याच्याकडे लोकांचं लक्ष अधिकच गेलं आहे. रविवार टाळा. तिकोन्याची शेवटची पायऱ्यांची चढण उभी आहे, वाटेतला मोठा मारुती बघून मग दम खाऊन चढा. तुंग लहान आहे, पण नाव कठीणगड उगाच नाही. पावसात वाट निसरडी होते, पहिल्यांदा जाणाऱ्याने गावातलं कोणीतरी बरोबर घ्यावं आणि त्याचे पैसे न घासाघीस करता द्यावेत. वर तुंगाई देवीचं छोटं देऊळ आहे. तिथे बसायला जागा आहे आणि तिथून सगळा जलाशय दिसतो.

आणि शक्य असेल तर एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात जा, पहाटे. ऊन फार असतं, पाणी पुरेसं घ्या, दहाच्या आत खाली उतरा. त्या दिवसांत धरणातलं पाणी खाली गेलेलं असतं आणि एरवी बुडालेलं वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ बाहेर येतं. भोवतीच्या वाळलेल्या गाळातून लोक चालत त्याच्या दारापर्यंत जातात.